जिजींची अक्षरं

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दर आठवड्याला पुस्तक बदलून नेणाऱ्या एक जिजी दिवाळीनंतर यायच्याच बंद झाल्या. डोळ्याच्या पडद्याचा आजार. नंबर वाढवून आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. भिंग धरलं तर हात थरथरायचा आणि ओळ निसटायची. मे महिन्यात एका सकाळी त्या आल्या त्या अनामत परत मागायला.

मला ते सहन होईना. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या वाचकाने वाचनालयाला किंडल, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, भेट दिलं होतं. ते काढलं, एक मराठी कादंबरी उघडली आणि अक्षर वाढवत गेले. पानावर जेमतेम सात-आठ ओळी उरल्या, तेव्हा जिजींचे ओठ हलायला लागले.

"माले दखाई राह्यनं वं!"

वीज गेलेली, आत उकडत होतं, म्हणून आम्ही ओट्यावर जाऊन बसलो. तिथल्या उन्हात मोबाइलवरचं काही दिसत नाही, यावरची अक्षरं मात्र आणखी ठळक झाली. याच्या पडद्यात अगदी बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेने ते वर-खाली सरकतात, आणि एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. वाचायचं ते बाहेरच्या उजेडावर, कागदासारखंच.

मग त्यांनी बालकवी मागितले. आमच्या शेजारच्या धरणगावचे, जन्म १८९०चा. जिजींना ते पाठ. मोठ्या अक्षरात कवितेची ओळ मावेना, मधेच मोडून खाली आली, आणि त्या थबकल्या. "ओळ आठे काबरं तुटनी?" कवितेला छापील पानच हवं, असं मला आजही वाटतं.

खरं अडलं ते पुढे. लग्नाआधी वाचलेलं एक प्रवासवर्णन त्यांना पुन्हा वाचायचं होतं. आमच्या प्रतीची पानं हात लावला की तुटतात. इंटरनेटवर ते मिळालं, पण पानांचे नुसते फोटो! फोटो मोठा केला की अख्खं पान पसरतं; एक ओळ वाचायला ते डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत जिजी सुरुवात हरवून बसत. लोक कागदाच्या वासावरून वाद घालतात. माझ्या टेबलावर येणारा प्रश्न असा, की हे पुस्तक कुणी टाइप केलंय का? आपली किती जुनी पुस्तकं अशी फोटोतच अडकून पडली आहेत, याने जीव तुटतो.

या लेखकाला जाऊन ६० वर्षं उलटली आहेत, त्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही. संगणक फोटोतली अक्षरं ओळखतो, पण छपाई पुसट असली की जोडाक्षरांत चुकतो. म्हणून संध्याकाळी वाचनालय बंद झालं की मीच टाइप करायला बसते. पहिलं प्रकरण यंत्रात घातलंय. त्यातल्या जुन्या गावांच्या नावांत मी कुठे चुकले, ते जिजी वाचता वाचता सांगतात आणि मी दुरुस्त करते.