शाहूपुरीतली गुळाची वखार

जुन्या बांधकामांचं स्ट्रक्चरल ऑडिट हे माझं रोजचं काम. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापुरात अशी कामं एकदम वाढली. शाहूपुरीच्या व्यापारी पेठेतली ही वखार त्यातलीच. एकेकाळची गुळाची अडत पेढी, आता तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं घाटत होतं. मालकांना ‘इमारत धोकादायक’ एवढाच शेरा हवा होता.

कुलूप काढलं तसा आतून आंबूस गोड वास आला. गूळ हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात पाझरतो, काळा पडतो. वर्षानुवर्षं थप्प्या भिंतीला लागून रचल्यामुळं छातीएवढ्या उंचीपर्यंत गिलावा काळपट, चिकट झाला होता. पुराच्या पाण्याची रेष त्याच्या बरीच खाली होती. म्हणजे ही सगळी ओल पुराची नव्हे. सागवानी खांबांत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, टोकसुद्धा शिरेना. वरचा कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत, तोही ठणठणीत. मागची भिंत मात्र पोट काढून उभी होती, तिच्या भेगेत माझी बोटं सहज गेली.

मापं घेताना एक गोष्ट खटकत होती. जोतं कमरेएवढं उंच, आणि दाराला पायऱ्या एका कडेला कशाबशा काढलेल्या. मालकांनी सोबत दिलेले म्हातारे मामा आयुष्यभर तिथंच हमाली केलेले. त्यांना विचारलं.

“गाडी मागं लावली की साटा, म्हंजी गाडीचा माल ठेवायचा तळ, बरोब्बर हितं यायचा, ताई. चढायला नको, वाकायला नको. तीस किलोचा रवा, म्हंजी गुळाची ढेप, दिवसभर उचलून बघा, मग कळंल जोतं उंच का ते.”

मी बाहेर जाऊन गल्लीकडं नव्यानं पाहिलं. समोरच्या दोन जुन्या पेढ्यांची जोती त्याच उंचीची. आपल्या मंगळवार, शुक्रवार पेठेतल्या गल्ल्या वळणावळणाच्या. इथल्या मात्र सरळ, आखीव. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनजवळ ही गुळाची पेठ वसवली. गुऱ्हाळावरून गाडी यावी, सौदा व्हावा, माल रेल्वेनं बाहेर जावा, एवढा विचार त्यामागं होता. लोक शाहू महाराजांच्या आरक्षणाबद्दल, राधानगरी धरणाबद्दल बोलतात, आणि बोलायलाच हवं. पण ही पेठ त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी, आणि तिची एकेक पेढी आपण मोजमापसुद्धा न घेता पाडतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मामांनी मग मला दारामागं नेलं. भिंतीवर कोळशाच्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी, खालपर्यंत ओळीनं. उतरवलेल्या रव्यांचा हिशेब. “दिवाणजी वहीत लिवायचा, आमी हितं. दोनी जुळलं की मजुरी.” त्यातल्या काही रेघा त्यांच्या हातच्या होत्या, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला, तेव्हापासून या भिंतीवर नवी रेघ पडलेली नाही.

संध्याकाळी मालकांना स्पष्ट सांगितलं: मागची खोली धोकादायक आहे, ती उतरवाच, पुढचं दालन धडधाकट आहे, त्याला धोकादायक म्हणून सही करणार नाही. ते चिडले. “मॅडम, मी पैसे कशाचे देतोय?” मी म्हटलं, खरं सांगायचे. बराच वेळ वाद झाला. पुढचं दालन ठेवून मागं बांधलं, तर दुकानं रस्त्यावरच मिळतात, हे मी कागदावर रेघा मारून दाखवलं, तेव्हा कुठं ते ऐकायला बसले.

मागची खोली आता उतरवली आहे. पुढच्या दालनाचं भावकीत अजून ठरत नाही. जोत्याची उंची, दाराची रुंदी, कडीपाटाची मापं आणि त्या रेघांचे फोटो अहवालाला जोडून दिलेत. कुणी मागितले नव्हते, तरीही. गल्लीतल्या उरलेल्या दोन पेढ्यांचीही मापं घ्यायची परवानगी मी मागितली आहे. एका मालकानं हो म्हटलंय.