बरणीतला बहुरूपी

आमच्या वेळी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक दोनच होते. दोन्ही आरशाचे, त्यामुळे खिडकीशी जागा मिळाली तरच नीट दिसायचं. मी नववीत होते. ठाण्याच्या तलावपाळीवरून मुरंब्याच्या बरणीत मासुंदा तलावाचं पाणी आणि थोडी कुजकी पानं आणली होती. पाचव्या दिवशी बरणीच्या काचेला टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके चिकटलेले दिसले.

एक ठिपका ड्रॉपरने काचपट्टीवर घेतला. आधी नुसता गोळा. मग तो सावकाश लांबला आणि त्याचं एक टोक सनईच्या तोंडासारखं पसरलं. कडेने पक्ष्माभिकांची, म्हणजे बारीक केसांसारख्या तंतूंची, लाट फिरत होती. ताणला की जवळजवळ एक मिलिमीटर, आणि हे सगळं मिळून एकच पेशी! टेबलाला धक्का लागला की पुन्हा गोळा.

मी वहीत 'स्टेंटर सेरुलियस' लिहिलं, कारण ग्रंथालयातल्या पुस्तकात त्याचंच चित्र होतं. बाईंनी ते खोडलं नाही. "अगं, हिरवा रंग नेमका कुठे आहे, ते काढून दाखव," एवढंच म्हणाल्या.

मोठ्या भिंगाखाली पाहिलं तर रंग सलग नव्हताच. आत सुटे, गोल हिरवे कण होते. सेरुलियसचा निळसर रंग त्याच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा, अंगावरच्या उभ्या पट्ट्यांतला. इथे मात्र पेशीच्या पोटात एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करून होतं, उजेडात अन्न तयार करून घरमालकालाही देणारं. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण शैवाल बाळगणाऱ्या दुसऱ्या एका जातीत मोठं केंद्रक एकच, गोलसर असतं. म्हणून बाईंनी टीपकागदाने कव्हरस्लिपखालचं पाणी हळूच ओढून घेतलं. जीव चपटा झाला आणि हिरव्या कणांमधून फिकट मण्यांची ओळ दिसली, तेच याचं केंद्रक. "आईची बोरमाळ आठवते? तशीच काढ."

चित्र पुरं झाल्यावरच नाव मिळालं, स्टेंटर पॉलिमॉर्फस. डेन्मार्कच्या म्युलरने १७७३ साली या जिवाला 'पॉलिमॉर्फा' म्हटलं होतं. "म्हणजे बहुरूपी," बाई म्हणाल्या आणि स्वतःच पुन्हा भिंगाला डोळा लावून बसल्या. मधली सुट्टी संपली तरी उठल्या नाहीत.

संध्याकाळी बरणी माझ्या हातात देत म्हणाल्या, "जिथून आणलंस तिथे सोडून ये." कोपिनेश्वराला नमस्कार करून मी तलावाशी गेले आणि एकही थेंब जमिनीवर सांडू न देता बरणी पाण्यात उपडी केली.