तुम्ही विचारलंत म्हणून: नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, मग बॅकअप झाला ना?

घरी नॅस आणला की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. "आत दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उमटतं. सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं त्यावर टाकली. आता बॅकअपची काळजी मिटली ना?" नाही मिटली. मात्र निम्मं काम झालंय, आणि उरलेलं फार अवघड नाही.

नॅस, म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, हा डिस्क बसवलेला एक छोटा संगणकच असतो. राउटरला केबलने जोडलेला, चोवीस तास चालू. घरातले लॅपटॉप आणि फोन त्यावर फायली ठेवतात, त्यावरून उचलतात. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवण्याच्या पद्धतीला रेड-१ म्हणतात. ती एकाच संकटासाठी आहे: एक डिस्क मेली तरी काम थांबू नये. चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. लॅपटॉपमध्ये शिरलेल्या रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवणाऱ्या घुसखोर प्रोग्रॅमने, फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. विजेचा झटका बसला, डबा चोरीला गेला, पाणी शिरलं, तरी दोन्ही डिस्क एकाच डब्यात. म्हणून कुठल्याही प्रतीबद्दल एकच गोष्ट विचारायची: मूळ फाइल आणि ही प्रत, दोन्ही एकाच फटक्यात जाऊ शकतात का? जाऊ शकत असतील तर ती बॅकअपमध्ये धरायची नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फोन भरल्यावर. फोटो नॅसवर हलवले जातात आणि फोनवरून पुसले जातात. त्या क्षणापासून नॅसवरची प्रत हीच मूळ प्रत झाली, तिचा बॅकअप कुठेच नाही. नॅसवर फोटो आहेत म्हणून निर्धास्त असलेल्या बहुतेक घरांची स्थिती हीच असते.

तेव्हा हिशेब तीन प्रतींचा ठेवा. एक रोजच्या वापरातली, दुसरी वेगळ्या उपकरणावर, तिसरी घराबाहेर. ज्या फायली फक्त नॅसवर आहेत त्यांच्यासाठी दोन यूएसबी डिस्क घ्या. एक घरी ठेवून दर आठवड्याला नॅसला जोडायची, बॅकअप झाला की काढून ठेवायची. दुसरी नातेवाइकांकडे किंवा कामाच्या ठिकाणी, आणि महिन्यातून एकदा दोघींची अदलाबदल. डिस्क कायम जोडून ठेवायचा मोह होतो, पण जोडलेली डिस्क नॅसबरोबरच जळते आणि नॅसबरोबरच कुलूपबंद होते.

यूएसबी डिस्कवरचा बॅकअप कुठल्या स्वरूपात लिहिला जातो तेही आधी बघून घ्या. काही नॅसचे बॅकअप प्रोग्रॅम स्वतःच्या बंदिस्त स्वरूपात लिहितात. त्याने जुन्या आवृत्त्या राखता येतात, पण डबाच मेला तर फायली उघडायला त्याच कंपनीचा प्रोग्रॅम लागतो. तो संगणकावर आजच उतरवून ठेवा. साध्या फायलींच्या रूपात प्रत घेत असाल तर डिस्क कशी फॉरमॅट केलीय ते महत्त्वाचं: ईएक्सटी४ केलेली डिस्क विंडोज संगणकाला सरळ जोडली तर वाचता येत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएस येते. बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा ठेवला असेल, तर त्याची किल्ली कागदावर लिहून नॅसपासून दूर ठेवा. नॅसवरच ठेवलेली किल्ली नॅसबरोबर जाते.

आता डिस्कच्या खरेदीबद्दल. डबा घेताना लोक खूप चौकशी करतात, आत घालायच्या डिस्कचं मात्र फक्त माप बघतात. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये मजकुराचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधला एक पट्टा बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवून द्यायच्या फायलींना हे चालतं. पण रेडमधली एक डिस्क बदलून नव्या डिस्कवर सगळं पुन्हा लिहायची वेळ आली की एसएमआर डिस्क रखडते, कधी इतकी की नॅस तिला बिघडलेली समजून बाहेर काढतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर आहेत आणि तसं कुठे सांगितलेलं नाही, हे २०२० मध्ये उघड झालं. तेव्हापासून कंपन्या कोणतं मॉडेल कुठल्या प्रकारचं ते जाहीर करतात. नुसत्या नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल क्रमांक त्या यादीत शोधा.

चार टेराबाइटची डिस्क नॅसमध्ये ३.६४ दिसली म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १,०२४ च्या. रेड-१ मध्ये तशा दोन घातल्या तरी जागा ३.६४ च मिळते. आज जितका साठा आहे त्याच्या अडीच-तीन पट जागा घ्या आणि साधारण २० टक्के कायम मोकळी राहू द्या.

केबलवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण "नॅस फार हळू चालतो" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. दारात चेंगरून एक तार तुटली किंवा टोकाची क्लिप सैल झाली तर जोडणी बंद पडत नाही, काही न सांगता १०० वर येते. सेकंदाला ११० मेगाबाइट मिळायचे तिथे ११ मिळतात. एक टेराबाइट अडीच तासांत जायचा, त्याला अख्खा दिवस लागतो. नॅसच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर वेग लिहिलेला असतो: १००० हवा, १०० दिसला तर आधी केबल बदला. पहिल्यांदा सगळा साठा भरताना लॅपटॉपही केबलनेच जोडा. आणि हजारो छोट्या फोटोंना तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तो बिघाड नव्हे.

राउटरमध्ये जाऊन नॅसचा पत्ता राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. नाहीतर वीज जाऊन आल्यावर राउटर त्याला दुसराच पत्ता देतो आणि जुन्या पत्त्यावर जाणारा बॅकअप गुपचूप थांबतो.

खाती बनवताना प्रत्येकाचं वेगळं खातं हवं. ॲडमिनचं खातं फक्त सेटिंग बदलायला, रोजच्या वापराला नाही. घरातल्या प्रत्येकाचा एक फोल्डर, एक सगळ्यांचा, आणि जुन्या फोटोंचा एक फोल्डर जो सगळ्यांना बघता येतो पण बदलता येत नाही. याशिवाय बॅकअपचा वेगळा फोल्डर करा आणि त्यात लिहायची परवानगी फक्त बॅकअपसाठी केलेल्या खात्याला द्या. रॅन्समवेअर लॅपटॉपवर बसलेल्या माणसाच्या परवानग्यांनिशी काम करतं. तुम्हाला जिथे लिहिता येत नाही, तिथे त्यालाही लिहिता येत नाही. त्या खात्याचा पासवर्ड बॅकअपच्या प्रोग्रॅमलाच ठाऊक असावा, विंडोजमध्ये जतन केलेला नसावा.

इथे विंडोज एक अडचण घालतं. एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडू देत नाही, १२१९ क्रमांकाची चूक दाखवतं. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही म्हणून लोक पासवर्ड बदलत बसतात, आणि अडचण तशीच राहते. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज (net use) ही आज्ञा दिली की चालू जोडण्या दिसतात, जुनी तोडली की नवी लागते. दोन्ही कायम हव्या असतील तर रोजचा फोल्डर नॅसच्या नावाने जोडा आणि बॅकअप आकडी पत्त्याने. विंडोजच्या लेखी ते दोन वेगळे सर्व्हर ठरतात.

जुना टीव्ही किंवा स्कॅनर चालावा म्हणून एसएमबी-१, म्हणजे नेटवर्कवरून फायली उघडायची जुनी पद्धत, सुरू करायचा सल्ला मिळेल. करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते त्याच जुन्या एसएमबीतल्या दोषातून.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. नॅसच्या आत बहुधा लिनक्स असतं आणि तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो" या नावात २५ चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे ७७ बाइट. जेमतेम ८५ चिन्हांत मर्यादा संपते. शेअर केलेला फोल्डर ई-क्रिप्टएफएस या पद्धतीने एन्क्रिप्ट केला असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. विंडोजची मोजणी वेगळी असल्यामुळे तेच नाव लॅपटॉपवर सुखाने राहतं. नॅसवर कॉपी करताना तेवढीच फाइल मागे राहते, आणि शेवटी आलेली चूक वाचली नाही तर कुणाला कळतही नाही. तारीख आकड्यांत पुढे लिहा, नाव आटोपशीर ठेवा, वर्णन फोल्डरच्या नावात जाऊ द्या.

नॅसमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी सुरू करा. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या फायलींची नोंद. पुढे जेवढं बदलतं तेवढीच जागा खाते. दिवसभर दर तासाला, महिनाभर रोज, नंतर आठवड्याला एक, एवढं घराला पुरतं. चुकून पुसलेलं किंवा लॅपटॉपवरून बिघडवलेलं सगळं यातून परत मिळतं. डबाच मेला तर मात्र स्नॅपशॉटही गेले, कारण ते त्याच डिस्कवर असतात. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप प्रोग्रॅमचा फोल्डर यातून वगळा आणि त्याला मॅकच्या डिस्कच्या दुप्पट एवढी मर्यादा घालून द्या. मर्यादा नसली तर टाइम मशीन मिळेल तेवढी जागा भरत जातं.

सिंकला बॅकअप समजू नका. दोन ठिकाणं सारखी ठेवणं एवढंच सिंकचं काम, मग ते पुसूनही केलं जातं. रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपीच्या आज्ञेचा एमआयआर (/MIR) पर्याय, म्हणजे दुसरीकडे हुबेहूब तसंच ठेवायचा, वापरताना मूळ फोल्डर काही कारणाने रिकामा दिसला तर दुसरीकडचं सगळं पुसलं जातं, आणि प्रोग्रॅमच्या दृष्टीने काम यशस्वी होतं.

बाहेरून फायली बघता याव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडायचं मनात असेल तर कळकळीने सांगते, नको. जून २०२१ मध्ये माय बुक लाइव्ह नावाचे, इंटरनेटला जोडलेले घरगुती साठवण डबे जगभरात बाहेरून कोरे केले गेले. त्यांचं सॉफ्टवेअर २०१५ नंतर अद्ययावत झालं नव्हतं. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या डब्यांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या बंदिस्त, एन्क्रिप्टेड वाटेने, आत या. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद करा, नाहीतर नॅस तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो.

यूपीएस यूएसबी पोर्ट असलेला घ्या आणि त्याची तार नॅसला जोडा. वीज गेल्यावर पाच मिनिटांनी नॅसने स्वतः व्यवस्थित बंद व्हावं, अशी सेटिंग ठेवा. दोन डिस्कचा डबा २० वॅटच्या आसपास वीज घेतो, त्यामुळे लहान यूपीएसही पुरतो. तार न जोडता यूपीएस वापरला तर बॅटरी संपेपर्यंत नॅस चालतो आणि मग लिहिता लिहिता बंद पडतो.

डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा खुणा देते. स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तिच्या यादीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढचे आकडे (खराब जागांची मोजणी) शून्यावर हवेत. ते वाढायला लागले की नवी डिस्क मागवा. १९९ वाढला तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिच्या जोडणीचा असतो, ती काढून नीट बसवून बघा. महिन्यातून एकदा डिस्कची लांब चाचणी आणि एकदा स्क्रब, म्हणजे साठवलेलं सगळं वाचून पडताळणं, लावा, दोन्ही एकाच रात्री नकोत. इशाऱ्याचा ईमेल खरंच पोहोचतो का, ते चाचणीचा ईमेल पाठवून बघा.

डिस्क बदलताना चुकीची डिस्क ओढणं ही सगळ्यात वाईट चूक. आज सगळं ठीक असतानाच प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहून तिच्या कप्प्यावर चिकटवा. नॅस बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक दाखवतो, तो जुळवूनच हात घाला. आणि नवी डिस्क बसवण्याआधी यूएसबीवरचा बॅकअप ताजा करा. नव्या डिस्कवर सगळं उतरवताना उरलेली जुनी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. चार टेराबाइटला सहज सात-आठ तास लागतात, आणि ही उरलेली डिस्कही मेलेलीइतकीच म्हातारी असते.

बॅकअप झाला का, हे बॅकअप प्रोग्रॅमच्या हिरव्या खुणेवरून ठरवू नका. तीन महिन्यांतून एकदा नॅस बंद करा, यूएसबी डिस्क एखाद्या लॅपटॉपला जोडा आणि गेल्या वर्षीचा एक फोटो, एक व्हिडिओ आणि एक पीडीएफ त्यावरून दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून उघडा. व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे सरकवून बघा, अर्धवट कॉपी झालेले व्हिडिओ सुरुवातीला नीटच चालतात.