इतके धावूनही इन्सुलिन का?

‘इतके धावता, तरी इन्सुलिन कसे सुटले नाही?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, मैदानावर आणि एकदा तर गळ्याशी वस्तरा असताना न्हाव्यानेही विचारला आहे. तेव्हा आता एकदाच लिहून टाकतो.

माझा मधुमेह टाइप १ आहे. माझे स्वादुपिंड इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही आणि कितीही धावलो तरी ते करू लागणार नाही. टाइप २ असलेल्या, म्हणजे ज्यांचे शरीर इन्सुलिन बनवते पण त्याला नीट दाद देत नाही अशा, तुमच्या मेहुण्यांच्या गोळ्या चालण्याने कमी झाल्या असतील, त्याचा मला आनंदच आहे. धावताना स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातील साखर आत ओढतात आणि रिते झालेले ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेचे, साठे भरताना, पुढचे २४ ते ४८ तास, ते इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देतात. म्हणजे इन्सुलिन कमी लागते, पण लागतेच. स्वतः इन्सुलिनवर असलेल्या लंडनच्या डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे १९२६ मध्येच लिहिले होते. ‘धावणे हेच माझे औषध’ असे मीही एके काळी मिरवत असे, हे मात्र कबूल करतो.

एका रविवारी संध्याकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून उतरताना एका तरुण मुलाच्या ईर्ष्येने मी शेवटचे दोन किलोमीटर जीव तोडून धावलो. साखर मोजायच्या मीटरवर २३६ दिसले, म्हणजे बरीच जास्त. जोराच्या श्रमात अॅड्रेनलिन वाढते, यकृत साखर सोडते आणि ती बहुधा आपसूक उतरते, हे ठाऊक असूनही मी चिडून चार युनिट जादा टोचले आणि रात्रीचा डोसही पूर्ण घेतला. दोन वाजता चादर घामाने भिजल्यामुळे पत्नीला जाग आली. ‘अहो, आज वार कोणता?’ असे ती विचारत होती आणि मी पुन्हा पुन्हा ‘घाट संपला का?’ एवढेच म्हणत होतो. साखर ३८ होती, म्हणजे धोकादायक इतकी कमी. गिळता येत होते म्हणून तिने ग्लुकोजचे पाणी चमच्याने पाजले. तो चमचा दातांवर वाजत होता, एवढे मला आठवते. पंधरा मिनिटांनी ६१, नंतर ९४. पहाटेपर्यंत ती माझे बोट टोचत बसली होती.

आता लांब धावण्याच्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीचा डोस २० टक्के कमी करतो आणि झोपण्यापूर्वी खातो. तरीही गेल्या महिन्यात साखर एकदा घसरलीच. ‘मग धावता कशाला?’ या तुमच्या पुढच्या प्रश्नाला ‘मला आवडते म्हणून’ असे उत्तर मी देतो, पण ते पत्नीसमोर देताना आवाज जरा खाली येतो. रविवारी रात्री दोनचा गजर लावतो. तो वाजण्याआधीच ती मीटर काढून बसलेली असते.