व्हेनिस पायी, एकट्याने: अंतर पुलांमध्ये मोजा

व्हेनिसचा नकाशा उघडला की पहिली चूक अंतराच्या हिशोबात होते. स्टेशनापासून सान मार्को चौकापर्यंत जेमतेम अडीच किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं वाटतं. पण ग्रँड कॅनॉल साधारण ३.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर पूल फक्त चार: स्टेशनाच्या बाजूला कॉन्स्तित्युत्सिओने आणि स्काल्झी, मध्यावर रिआल्तो आणि दक्षिणेला अकादेमिया. सान्ता मारिया देल जील्योच्या धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडचं सालूते चर्च अगदी समोर दिसतं. तिथे चालत जायचं तर अकादेमियाच्या पुलापर्यंत उलटं जाऊन परत यावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं मोडतात. म्हणून दिवस आखताना आधी ठरवा की कालवा कुठे आणि किती वेळा ओलांडायचा. बाकीचा मार्ग मग आपोआप जमतो.

पुलांमधल्या पट्ट्यात त्रागेत्तो कामाला येते. ही दोन वल्हेकऱ्यांची साधी गोंडोला, सजावट नसलेली, फक्त या काठावरून त्या काठावर नेणारी. पाहुण्यांसाठी भाडं २ युरो, तेही सुट्टी नाणी वल्हेकऱ्याच्या हातात द्यायची. रिआल्तोच्या मासळीबाजारासमोरची सान्ता सोफियाची फेरी आणि सान तोमाची फेरी या दोन विशेष उपयोगी. काही फेऱ्या फक्त सकाळीच चालतात, वारा-पाऊस असला तर बंद असतात. त्यामुळे संध्याकाळचा बेत त्यांच्या भरवशावर आखू नका.

छोट्या कालव्यांवर चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. एकट्या माणसाची बॅग उचलायला दुसरं कोणी नसतं. चाकांची मोठी बॅग इथे ओझंच होते, पाठीवर आठ-दहा किलोपेक्षा जास्त नको. खोली घेताना एकच प्रश्न विचारा: सगळ्यात जवळच्या बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत पूल किती? उत्तर ‘एकही नाही’ किंवा ‘एक’ असेल तर खोली घ्या. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या इस्त्रियन दगडाच्या असतात आणि पावसात त्या फार घसरतात, म्हणून बुटांचा तळ रबरी आणि खाचांचा हवा. कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. फोटोसाठी तिथे पाय टाकू नका.

ट्रेनने येणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘व्हेनेत्सिया’ एकाहून जास्त स्टेशनांच्या नावात आहे. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं उपनगर. तिथे उतरायचं नाही, शेवटच्या सान्ता लुचियाला उतरायचं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्याच्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो.

आता पत्ता. हॉटेलचा पत्ता ‘कास्तेल्लो ५२७४’ अशा थाटाचा असतो आणि त्यात गल्लीचं नाव नसतं. शहराचे सहा सेस्तिएरे, म्हणजे विभाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, दोर्सोदुरो, सान पोलो, सान्ता क्रोचे. प्रत्येक विभागात घरक्रमांक एकापासून सुरू होऊन हजारांत जातात आणि गल्लीबोळांतून वळत फिरतात. म्हणून खोलीच्या मालकाकडून गल्लीचं आणि जवळच्या काम्पोचं, म्हणजे चौकाचं, नाव आधी लिहून घ्या. त्यासोबत विभागही हवाच, कारण काल्ले देल फोर्नो नावाच्या गल्ल्या शहरात अनेक आहेत.

अरुंद गल्लीत फोनवरचा निळा ठिपका भरकटतो. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवरून सिग्नल परावर्तित होतो आणि ठिपका कालव्यापलीकडच्या गल्लीत उडी मारतो. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, पण वळताना भिंतीवर पाहा. पांढऱ्या चुन्याच्या पट्टीवर काळ्या अक्षरांत गल्लीचं नाव रंगवलेलं असतं. ‘फोंदामेन्ता’ लिहिलं असेल तर वाट कालव्याच्या काठाने जाते. ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा, तिथे वाट रुंद मिळते. ‘कोर्ते’ बहुधा आणि ‘रामो’ कधीकधी पुढे बंद होतात. ‘सोत्तोपोर्तेगो’ घराच्या खालून जातो, डोकं सांभाळा. काही गल्ल्या थेट पाण्यात संपतात, कठडा नसतो. रात्री एकट्याने फिरताना खरा धोका हाच आहे, म्हणून छोटा टॉर्च जवळ असू द्या. पिवळ्या पाट्या रिआल्तो, सान मार्को, अकादेमिया आणि स्टेशनकडे नेतात. कधी एकाच ठिकाणी दोन विरुद्ध बाण रिआल्तोकडेच बोट दाखवतात. दोन्ही बरोबर असतात, गर्दी कमी दिसेल तो घ्या.

एकच वाट चालायला वेळ असेल तर कान्नारेज्योची चाला. स्टेशनातून डावीकडे लिस्ता दी स्पान्याच्या दुकानांतून भराभर पुढे जा, ग्युल्ये पूल ओलांडा आणि लगेच डावीकडे कालव्याच्या काठाने चाला. थोड्या अंतरावर उजव्या हाताला एक बुटका बोगदा लागतो, तो सहज हुकतो. तोच घेत्तोचा, म्हणजे ज्यूंच्या जुन्या वस्तीचा, दरवाजा. १५१६ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने ज्यूंना इथे राहायची सक्ती केली. रात्री फाटकं बंद होत आणि पहारा असे. जागा वाढवायची मुभा नव्हती म्हणून घरं वर वाढली. आतल्या चौकात उभं राहून खिडक्यांच्या ओळी मोजा: कुठे सहा, कुठे सात मजले, छतं इतकी खाली की खिडक्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. फाटकं १७९७ मध्ये, नेपोलियनचं सैन्य आल्यावर पाडली गेली.

उत्तरेकडचा पूल ओलांडून ओर्मेझिनी आणि मिझेरिकोर्दियाच्या काठाने चाला, मग डावीकडे काम्पो देई मोरी. तिथे फेटेवाल्या दगडी पुतळ्यांपैकी कोपऱ्यातल्याचं नाक लोखंडाचं आहे. शेजारीच चित्रकार तिन्तोरेत्तोचं घर. थोडं पुढे मादोन्ना देल्लोर्तो चर्च, तिथे त्याची समाधी आणि त्याने रंगवलेली भिंतभर उंचीची चित्रं आहेत. मग फोंदामेन्ते नोवे, सान्ती जोव्हान्नी ए पाओलो आणि सान्ता मारिया फोर्मोझावरून सान मार्को. सगळं मिळून चारेक किलोमीटर, चर्चांसह अर्धा दिवस ठेवा. सान मार्को मात्र सकाळी आठच्या आत पाहा.

वाटेत बहुतेक काम्पोंच्या मध्यावर झाकण घातलेला दगडी कठडा दिसेल. ही झऱ्याची विहीर नाही. चौकाची फरसबंदी किंचित उतरती केलेली असते आणि विहिरीभोवती भोकं पाडलेले दगड बसवलेले असतात. पावसाचं पाणी त्या भोकांतून खाली जातं, वाळूच्या थरातून गाळलं जातं आणि मधल्या विटांच्या नळीत साठतं. खाऱ्या पाण्याने बिघडू नये म्हणून भोवती चिकणमातीचं अस्तर असतं. खाली वाकून उतार डोळ्यांनी पाहा, पाऊस पडत असेल तर आणखी छान. नळाचं पाणी मुख्य भूमीवरून १८८४ मध्ये आलं. आज चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली तिथेच भरा.

ऑक्टोबर ते जानेवारीत भरतीचं पाणी चढू शकतं. इशाऱ्याच्या भोंग्यानंतरचे सूर मोजा: एक सूर म्हणजे भरतीच्या उंचीचा अंदाज ११० सेंटीमीटर, दोन १२०, तीन १३०, चार १४० किंवा अधिक. २०२० पासून खाडीच्या तोंडावरचे मोझे दरवाजे मोठी भरती अडवतात. पण सान मार्को सखल आहे, ऐंशीच्या आसपासच्या भरतीतही तिथे पाणी येऊ शकतं. तेव्हा लाकडी फळ्यांच्या वाटा मांडतात, त्यांवर उजव्या बाजूने चाला आणि फोटोसाठी थांबू नका. भरती काही तासांत ओसरते, तोवर उंच भागातल्या गल्ल्यांत फिरा.

एकट्या माणसासाठी जेवण बाकारोत, म्हणजे काउंटरवर उभ्याने खायच्या ठिकाणी, सोपं आणि स्वस्त. टेबलावर बसलं की माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे बसण्याचं शुल्क, लागतं. काउंटरवरच्या पदार्थांत मासळी पुष्कळ असते. शाकाहारी असाल तर ‘सेन्झा पेशे, सेन्झा कार्ने’, म्हणजे मासळी नको, मांस नको, असं स्पष्ट सांगा आणि आर्टिचोकचे गड्डे मागा. रिआल्तोच्या भाजीबाजारात विक्रेते चाकूने ते सोलून लिंबाच्या पाण्यात टाकताना दिसतात. मासळीबाजार सकाळी असतो, रविवारी आणि सोमवारी बंद. काम्पो सान्ता मार्गेरितामध्ये एक जुनी संगमरवरी पाटी आहे, विकायच्या मासळीची किमान लांबी सांगणारी: बाम मासा २५ सेंटीमीटर, कालव ५, शिंपला ३. त्याहून लहान माल विकायला बंदी होती.

शेवटी प्रवेशशुल्क. २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना शुल्क आहे, २०२५ मध्ये ते आधी भरलं तर ५ आणि उशिरा भरलं तर १० युरो होतं. शहरात रात्री राहणाऱ्यांना ते नाही, पण त्यांनीही सूट असल्याचा कोड आधी काढून फोनमध्ये ठेवायचा असतो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी पालिकेचं वेळापत्रक पाहा. शक्यतो एक रात्र शहरातच राहा, कारण गल्ल्या मोकळ्या मिळतात त्या संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी साडेआठच्या आधी.