जुन्या बिलांची तार फेकू नका

इंदुरात घरगुती मसाले, लोणची, फराळाचं विकणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी सतत सांगत असते, की ज्या बिलावर तुमच्या मालाचं नाव आहे ते रद्दीत घालू नका. नावावरून भांडण लागलं की वकील आधी तेच मागतात.

आमचं जीरावन सासूबाईंनी सुरू केलं आणि नाव दिलं ते स्वतःचं पाळण्यातलं. (इथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.) पोह्यांवर भुरभुरायला इंदूरला जीरावन लागतंच, त्यामुळे पुड्या हातोहात जायच्या. तेच नाव एका अक्षराच्या फरकाने दुसऱ्या एका व्यापाऱ्याने ट्रेडमार्कसाठी टाकलं. असे अर्ज ज्यात छापून येतात ते सरकारी ट्रेडमार्क जर्नल दर आठवड्याला निघतं, त्यात आमच्या वकीलबाईंना ते दिसलं. जर्नलात आल्यापासून हरकत घ्यायला चार महिने मिळतात, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. ऑनलाइन हरकतीची फी मालाच्या एका वर्गाला 2,700 रुपये. मध्य प्रदेशचं काम मुंबईच्या रजिस्ट्रीकडे आहे, पण अर्ज घरबसल्या गेला.

खरं काम पुराव्याचं. सासूबाई प्रत्येक बिलाची कार्बन कॉपी तारेला टोचून ठेवत. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात अशा तारा निघाल्या, सगळ्यात खालची बिलं 1988 ची, इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानदारांना दिलेली. वकीलबाईंनी जेवणाच्या टेबलावर दोन गठ्ठे केले. नुसतं ‘मसाला 2 किलो’ लिहिलेली बिलं एकीकडे, नावाचा जांभळा शिक्का असलेली दुसरीकडे. पहिला गठ्ठा बराच मोठा झाला. त्या म्हणाल्या, “ताई, यावरून धंदा चालू होता एवढंच कळतं. नाव चालू होतं ते या दुसऱ्या गठ्ठ्यावरून.” मग शिक्क्याची बिलं वर्षवार लावून मध्ये कुठे खंड पडतो का ते पाहिलं, कारण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 आधीपासून सलग वापर करणाऱ्याला संरक्षण देतं. जिथे बिलं नव्हती तिथे गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतली आमची पाव पानाची जाहिरात कामी आली. वीस ओळींच्या युक्तिवादापेक्षा त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर माझा जास्त भरवसा आहे.

हे मी मनचं सांगत नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या नावाचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. 2015 च्या त्या निकालात कोर्टाने म्हटलं, की आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीवाल्याच्या हक्कापेक्षा वरचढ आहे.

याचा अर्थ नोंदणी नको असा कुणी घेऊ नये. नोंदणी नसेल तर बाजारातली आपली पत, गिऱ्हाइकाची होणारी दिशाभूल आणि आपलं नुकसान, सगळं आपणच सिद्ध करत बसायचं. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गाला 4,500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. एवढे पैसे पहिल्या दिवाळीच्या ऑर्डरीतून बाजूला काढाच. नाव मात्र आपलं हवं. ‘इंदोरी जीरावन’ म्हणजे नुसतं मालाचं वर्णन झालं, त्यावर एकट्याचा हक्क मिळणं फार कठीण. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते तिथल्या सगळ्या उत्पादकांचं, एका दुकानाचं नव्हे.

कृतीचं दुखणं वेगळं. कामाला असलेल्या बाईने उद्या स्वतःचा मसाला सुरू केला तर करार कायद्याच्या कलम 27 मुळे तिला अडवता येत नाही, आणि येऊही नये, तिलाही पोट आहे. आपलं प्रमाण बाहेर सांगणार नाही, एवढं मात्र लिहून घेता येतं.

आणखी एक, लेबलाचं. बाहेरच्या मुलाकडून डिझाइन करून घेतलं, पैसे दिले, म्हणून कॉपीराइट आपोआप आपला होत नाही. तो लेखी घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत घातली नाही तर कायदा ती पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. आमच्या भाचीचा दुबईला मसाले पाठवायचा विचार चालला आहे, म्हणून नव्या लेबलाचा कागद करताना मुदत, प्रदेश आणि दिलेली रक्कम तिन्ही लिहून घेतलं. त्या मुलाने आनंदाने सही केली.