फोन होता, घरात माणसंही होती

"आठवडाभर कॉम्प्युटर नव्हता म्हणे तुमचा. मग घरात काय केलंत?" जूनमध्ये वीज कडाडून माझा मदरबोर्ड गेला, पार्ट पुण्याहून मिरजेला येईपर्यंत आठवडा लागला, आणि तेव्हापासून हा प्रश्न मला येतोच आहे. नातेवाईक विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, ज्यांच्या मुलाखती मी ऐकून टाइप करून देते ते अभ्यासकही विचारतात. उत्तर द्यायला तोंड उघडावं तर पुढचं तेच बोलून मोकळे होतात. "फोन होताच ना." "आणि घरात माणसं होती की." एका मावशींनी तर, बरंच झालं, तेवढाच कानांना आराम, असंही म्हणून घेतलं.

मी "हो, निभावलं" म्हणते आणि विषय संपवते. पण ते खरं नाही, आणि मला आता ते म्हणवतही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. मला दिसत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तिथून सुरुवात करत नाही.

आधी फोनचं. फोन होता, चालू होता, पडद्यावरचं बोलून दाखवणारा टॉकबॅक मराठीत बोलत होता. बातम्या ऐकल्या, निरोप पाठवले, आकाशवाणी सांगली लावली. पण बँकेतून पैसे पाठवायला बसा. कॉम्प्युटर असतो तेव्हा फोन ओटीपी बोलतो आणि मी तो ऐकत ऐकत कीबोर्डवर टाइप करते. एकटा फोन असला की बँकेचं पान सोडून निरोपात जायचं, आकडे ऐकायचे, लक्षात ठेवायचे, परत यायचं, काचेवर बोट फिरवत आकडे शोधायचे. तोवर वेळ संपलेली असते. कीबोर्डला एफ आणि जे या बटणांवर उंचवटे असतात, तेवढ्यावर माझी बोटं आपोआप जागेवर येतात. काचेवर धरायला काही नाही.

आणि वाचायचं म्हणजे काय, हेही तुम्ही कधी विचारत नाही. कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीनरीडर, वापरते. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं ते लिहायला घेतलं, मग जेम्स तेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्यात आला. ते फुकट मिळतं. आम्ही ज्या स्क्रीनरीडरवर कॉम्प्युटर शिकलो तो विकत घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, त्यामुळे या दोघांचं ऋण मी मानते. एच दाबला की पुढचा मथळा येतो. खालचा बाण दाबला की एक ओळ. कंट्रोल धरून उजवा बाण दाबला की एक शब्द, नुसता उजवा बाण दाबला की एकेक अक्षर. संशय आला तर त्याच ओळीवर पुन्हा यायचं, दहादा यायचं. कुणाला "परत वाच ना" म्हणावं लागत नाही. माझ्या वयाच्या बाईला दिवसातून किती वेळा "परत वाच ना" म्हणावं लागतं, आणि तिसऱ्या वेळेला समोरच्याचा आवाज कसा बदलतो, ते मला विचारा.

एनव्हीडीए मी पेनड्राइव्हवरही ठेवते. कुठल्याही विंडोजच्या कॉम्प्युटरला लावला की बोलू लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन सायबर कॅफेत गेले. बाहेरचा पेनड्राइव्ह चालणार नाही, व्हायरस येतो, असं उत्तर मिळालं. समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं. शेवटी तो मुलगा दादाकडे तोंड करून म्हणाला, "त्यांना काय पाहिजे ते सांगा, मी काढून देतो." भाचा त्याचा लॅपटॉप घेऊन पुण्यात हॉस्टेलला. म्हणजे आता घरातली माणसं.

घरातली माणसं चांगली आहेत, हे मला कुणी सांगायला नको. दादा, वहिनी, आई. वहिनींनी त्या आठवड्यात माझं सगळं पाहिलं. किराण्याचा हिशोब माझ्याकडे असतो, तो एक्सेलमध्ये असतो. वहिनींनी वहीत लिहून घेतला. मी ब्रेलची पाटी आणि स्टायलस माळ्यावरून काढायला लावली आणि दुधाचे खाडे जाड कागदावर टोचून ठेवले. आईच्या गोळ्यांच्या पाकिटांना रबरबँड लावले, सकाळच्या गोळ्यांना एक आणि रात्रीच्या गोळ्यांना दोन. एवढं सगळं झालं.

अडलं ते आईच्या वर्तमानपत्रापाशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक अक्षर जात नाही. दुपारी जेवणं झाली की मी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडते, स्पीकर मोठा करते आणि आम्ही दोघी ऐकतो. मी बातम्या निवडते, आई मध्ये थांबवते, वाद घालते. त्या घरात वाचून दाखवणारी मी आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी वाचून दाखवत असेन असं कुणाच्या मनातच येत नाही. तो आठवडा वहिनी वाचत होत्या आणि आई मला म्हणाली, "तुला ऐकू येतंय ना गं?" कॉम्प्युटर असताना हा प्रश्न तिनं मला कधी विचारला नव्हता.

आता जे सांगायचं टाळत होते ते.

कॉम्प्युटर जाण्याच्या आधी डाव्या स्तनात एक गाठ माझ्याच बोटांना लागली होती. डॉक्टरांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्या म्हटलं, रिपोर्ट आला की दाखवायला या म्हटलं. रिपोर्ट आला नेमका त्या आठवड्यात. मोठा, गुळगुळीत लिफाफा, आत फिल्म आणि एक कागद. एरवी तो कागद मी स्कॅनरवर उपडा ठेवला असता, ओसीआर केलं असतं, म्हणजे छापील अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेतली असती, आणि कानात हेडफोन घालून एकटीनं वाचला असता. इंग्रजी छापील कागद तो बऱ्यापैकी स्वच्छ वाचतो.

फोनच्या कॅमेऱ्यानं प्रयत्न केला. तो सांगत राहिला, डावी कड दिसत नाही, वरची कड दिसत नाही. कागद सरळ करावा तर फोन हलतो, फोन स्थिर करावा तर कागद. जे वाचलं गेलं त्यात डॉक्टरांच्या पदव्या होत्या, माझं वय होतं, आणि ओळींचे उजवीकडचे तुकडे. तेवढ्यात वहिनी आल्या. "आण इकडे, मी वाचते."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्या शाळेत गणित शिकवतात, इंग्रजी त्यांचं चांगलं आहे, एका लयीत वाचतात. शेवटी इम्प्रेशन, म्हणजे निष्कर्ष, या शब्दापाशी आल्या आणि थांबल्या. फार नाही. कागदाची कड त्यांनी बोटानं मुडपली, तो आवाज मला आला. मग म्हणाल्या, "बिनाइन म्हटलंय. साधी गाठ आहे. काळजी नाही." आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. मी विचारलं, एवढंच? "एवढंच गं." मी पुन्हा विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण जी बाई आठवडाभर माझे हिशोब, माझे निरोप, आईची औषधं सगळं सांभाळते आहे, तिला "नीट वाचलंत ना" असं विचारणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. ज्याच्या डोळ्यांनी वाचायचं त्याला उलट विचारायची सोय नसते. "घरात माणसं होती की" म्हणताना ही गोष्ट तुमच्या लक्षात येत नाही.

कॉम्प्युटर परत आला. आठवड्याचे सगळे कागद मी स्कॅन करायला घेतले, ती माझी पद्धतच आहे. लिफाफ्यातून रिपोर्ट काढला तर त्याला पिन मारून एक लहान कागद जोडलेला होता. आधी तो नव्हता. पहिल्या दिवशी मी तो लिफाफा कितीतरी वेळ चाचपला होता. लहान कागद हातानं लिहिलेला, त्यावर ओसीआर चाललं नाही. मोठा वाचला. बाय-रॅड्स कॅटेगरी थ्री. प्रॉबेबली बिनाइन, म्हणजे बहुधा साधी. शॉर्ट इंटरव्हल फॉलोअप ॲट सिक्स मंथ्स सजेस्टेड.

यंत्राचा आवाज प्रॉबेबली हा शब्दही दवाखान्याच्या फोन नंबरसारखाच बोलला. थांबला नाही, दचकला नाही. त्याला माझ्याबद्दल काही वाटत नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसतो. मी ती ओळ शब्दाशब्दानं वाचली, मग अक्षराअक्षरानं वाचली. मग बाय-रॅड्स म्हणजे काय ते वाचलं. मॅमोग्राफीत जे दिसतं त्याला संशयानुसार श्रेणी देण्याची ती पद्धत. ३ या श्रेणीत कर्करोग असण्याची शक्यता २ टक्क्यांहून जास्त धरत नाहीत, आणि म्हणूनच लगेच सुई घालून तपासणी न करता सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. घाबरण्यासारखं फारसं नव्हतं. मला ते त्याच दिवशी कळलं असतं तर मी त्याच दिवशी हे वाचलं असतं आणि झोपले असते.

तो लहान कागद कसला ते मी वहिनींना विचारलं. तेव्हा कळलं की दादा आणि वहिनी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले होते. माझ्याशिवाय. डॉक्टर त्यांच्याशी बोलले, सहा महिन्यांनी या म्हणून लिहून दिलं. माझं वय पन्नासच्या पुढे आहे, मी कमावते, आयकराचं विवरण स्वतः भरते. माझ्या शरीराबद्दल तीन माणसं एका खोलीत बसून बोलली आणि मी घरी ब्रेलमध्ये दुधाचे खाडे टोचत होते.

वहिनी रडल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "सहा महिन्यांनी मी नेणारच होते तुला. तोवर रोज रात्री चाचपत बसली असतीस. आईंना कळलं असतं. तू झोपावंस म्हणून केलं." मी म्हटलं, वहिनी, माझं जागरण मला करू द्या. त्या म्हणाल्या, "आणि यंत्रानं सांगितलं असतं तर? एकटीच बसली असतीस त्या खोलीत. शेजारी कोण असतं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही पुरतं देता येत नाही.

सांगलीला कॉलेजात असताना माझ्या रीडर मुली होत्या. इतिहासाची जाडजूड पुस्तकं त्या कॅसेटवर वाचून द्यायच्या, त्यांच्याशिवाय मी बीए झाले नसते. कॉलेजच्या वार्षिकात मी तेव्हा लिहिलं होतं की माणसाच्या तोंडून ऐकलेल्या पुस्तकात जिव्हाळा असतो, तो ब्रेलमध्ये नाही. ते लिहिणाऱ्या मुलीशी मी हल्ली मनात भांडते. तुझी एक रीडर मध्येच म्हणायची, "हे पान काही महत्त्वाचं नाही गं, पुढे जाऊ," आणि तू "बरं" म्हणायचीस. ते पान कुठलं होतं, कधी विचारलंस? ती मुलगीही मला उलट बोलते. म्हणते, ती रीडर उन्हातून चालत यायची, तिचा घसा बसलेला असायचा, आणि तू पानाचा हिशोब मागतेस. तीही चूक नाही. आमचं भांडण तिथंच अडून राहतं.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, प्रकरणात निकाल दिला. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा असं सांगणारी पडताळणी अंधांना आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा गेलेल्यांना अडवते. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तो निकाल मी याच कॉम्प्युटरवर वाचला आणि मला फार बरं वाटलं. पण स्वयंपाकघराच्या टेबलावर, मायेनं, एक ओळ गाळून वाचलेल्या कागदाविरुद्ध मी कुणाकडे जाऊ? आणि जावंसं तरी कुठं वाटतं? वहिनींच्या हातचं मी खाते, आईला त्या उठवतात, बसवतात. राग आहे आणि तो कमी झालेला नाही. तो घेऊन मी त्याच घरात राहते.

म्हणून पुन्हा विचारलंत तर "निभावलं" म्हणणार नाही. फोन होता, पण तो पुरला नाही. माणसं होती, आणि त्यांनी माझ्यासाठी ठरवलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर वाचताना आवडो न आवडो, सगळं वाचा. इंग्रजी शब्द अडला तर अक्षरं सांगा. थांबायचं असेल तर थांबा, पण थांबलात हे सांगा. आणि डॉक्टरांकडे जाताना त्या माणसाला बरोबर घ्या.

डिसेंबरमध्ये दुसरी मॅमोग्राफी आहे. मी वहिनींना सांगून ठेवलंय की लिफाफा आधी माझ्या हातात द्यायचा, मी स्कॅन करणार, आणि त्यांनी वाटलं तर शेजारी येऊन बसायचं. हेडफोन लावणार नाही, स्पीकर चालू ठेवीन. त्या म्हणाल्या, "मला त्या यंत्राचं इंग्रजी कळत नाही." मी म्हटलं, मी तुम्हाला सांगेन. त्यावर त्या "बघू" म्हणाल्या. अजून हो म्हणालेल्या नाहीत.